अंगण वांकडेंच होतें

"नाचतां येईना अंगण वांकडें" ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते आणि तिचा रोंखही सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याला काम साधत नाहीं तो आपलें उणें झांकण्यासाठीं साधनाला दोष देतो, एवढेंच त्या म्हणीला सांगावयाचें असतें. परंतु अंगण खरोखरच वांकडें असलें तर? नाचणारा निपुण आहे, त्याचे पाय सरावलेले आहेत, आणि तरीही नेमक्या त्याच जागीं एकामागून एक नाचणारे ठेंचाळतात, असें घडूं लागलें तर दोष कोणाचा म्हणावयाचा? दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील कांहीं मानसशास्त्रज्ञांपुढें हा प्रश्न येऊन उभा राहिला. त्यांनीं तो कसा सोडविला, आणि सोडविल्यावरही जगानें त्यांचें म्हणणें किती उशिरां ऐकलें, याची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्याजोगी आहे. आज मोबाइल फोनच्या पडद्यावर कोणतें बटण कोठें असावें याचा खल करणारी मंडळी ज्या शास्त्राचा आधार घेतात, त्याचें एक मूळ याच हकीकतींत सांपडतें.

त्या काळापूर्वीं अपघाताची मीमांसा माणसापासून सुरू होऊन माणसापाशींच संपत असे. १९१९ सालीं ग्रीनवुड व वुड्स या दोघां संशोधकांनीं ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील अपघातांचा हिशेब मांडला, तेव्हां थोड्याशा कामगारांच्या वांट्याला पुष्कळसे अपघात आलेले दिसले. त्यांतून पुढें "अपघातप्रवण माणूस" ही कल्पना रूढ झाली. कल्पना सोयीची होती. अशीं माणसें हुडकून काढावीं, त्यांना यंत्रापासून दूर ठेवावें, म्हणजे काम भागलें. सैन्यांतही वैमानिकांची निवड कसून होत असे. इतकें करूनही विमान पडलें तर चौकशीच्या कागदावर "वैमानिकाची चूक" असे शब्द पडत आणि कागद बांधून ठेवला जाई. मेलेला वैमानिक उलट बोलण्यास येत नसे. जगलेला वैमानिक बोलला तर वर दिलेली म्हण त्याच्या तोंडावर फेंकण्यास जग तयारच असे.

ओहायो संस्थानांतील डेटन शहरानजीक राइट फील्ड नांवाचा विमानतळ होता. तेथें ३० ऑक्टोबर १९३५ या दिवशीं बोइंग कंपनीच्या चार एंजिनांच्या एका नव्या विमानाची परीक्षा चालू होती. चालक मेजर प्लॉयर हिल हा कसलेला वैमानिक होता. विमान उडालें, नाक वर करून सरळ चढूं लागलें, वेग गमावून कोसळलें आणि पेटलें. हिल आणि कंपनीचा मुख्य वैमानिक लेस्ली टॉवर हे दोघे या अपघातांत प्राणांस मुकले. जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें विमानाचीं सुकाणें हलूं नयेत म्हणून तीं अडकवून ठेवण्याची कळ असते. ती उड्डाणापूर्वीं सोडावयाची राहून गेली होती. या अपघातानंतर सैन्याच्या वैमानिकांनीं उड्डाणापूर्वीं तपासावयाच्या गोष्टींची एक यादी तयार केली. आज वैमानिक आणि शस्त्रवैद्य अशा याद्या हातीं घेऊन कामाला लागतात, त्यांचा उगम येथें आहे. मेजर हिल विसराळू होता असें कोणी म्हटलें नाहीं. एका डोक्यांत मावणार नाहींत इतक्या गोष्टी त्या विमानानें मागितल्या, हें त्याच्या सहकाऱ्यांना उमगलें. तेंच विमान पुढें "बी-१७" म्हणून, अर्थात् "उडता किल्ला" म्हणून, प्रसिद्धीस आलें व बारा हजारांवर संख्येनें बांधलें गेलें.

यादीनें विस्मरणाला आळा बसला. पण या उडत्या किल्ल्यानें युद्धकाळांत एक निराळेंच कोडें घातलें. विमान सुखरूप धावपट्टीवर उतरलेलें असे. चाकें जमिनीला लागलेलीं, वेग मंदावत चाललेला, धोका संपलेला. अशा वेळीं एकाएकीं चाकें पोटांत ओढलीं जात आणि तें प्रचंड विमान पोटावर घसरत जाई. प्रोपेलर वांकत, खालचा भाग चेंचला जाई. एंजिनांत बिघाड नाहीं, शत्रूची गोळी नाहीं. वैमानिकानें किंवा सहवैमानिकानें स्वतःच्या हातानें चाकें वर घेतलेलीं. असें कां केलें म्हणून विचारावें, तर त्यालाच त्याचें आश्चर्य वाटे.

राइट फील्ड येथील वैमानिक-वैद्यक प्रयोगशाळेंत त्या सुमारास आल्फोन्स चॅपानिस नांवाचा तरुण मानसशास्त्रज्ञ कामाला लागला होता. त्याचा जन्म १९१७ चा. येल विद्यापीठाची डॉक्टरेट त्याला १९४३ सालीं मिळाली. हें कोडें त्याच्यापुढें आलें तेव्हां वैमानिकांची स्मरणशक्ति मोजण्याच्या भरीस तो पडला नाहीं. त्यानें वैमानिकाच्या पुढ्यांतील फळा न्याहाळला. तेथें दोन खटके शेजारीं शेजारीं बसविलेले होते. एक चाकांचा, दुसरा पंखांच्या झडपांचा. उतरतांना वेग कमी व्हावा म्हणून पंखांच्या मागील कडेच्या या झडपा खालीं सोडतात, आणि विमान जमिनीवर आल्यावर त्या पुन्हां वर घ्यावयाच्या असतात. दोन्ही खटके आकारानें एक, हाताला लागतांना एक, दाबण्याची रीतही एकच. नजर धावपट्टीवर खिळलेली असतां झडपांच्या खटक्याकडे निघालेला हात दोन बोटें चुकला, कीं चाकें आंत!

चॅपानिसनें आणखी एक गोष्ट ताडून पाहिली, आणि त्याच्या शोधाचें सारें बळ तिच्यांत आहे. सी-४७ नांवाच्या मालवाहू विमानांत, म्हणजे हिंदी वायुदलाच्या ज्या डाकोटा विमानांनीं १९४७ च्या ऑक्टोबरांत श्रीनगरला सैन्य उतरविलें त्याच जातीच्या विमानांत, ही चूक होत नसे. तेथील चालक कांहीं निराळ्या मातीचे नव्हते. पण त्या विमानांत चाकांची व झडपांची साधनें एकमेकांपासून दूर होतीं व त्यांना चालविण्याची तऱ्हाही वेगळी होती. दोष माणसाच्या स्वभावांत असता तर तो माणसाबरोबर या विमानांतून त्या विमानांत गेला असता. तो गेला नाहीं. तो बी-१७ मध्येंच मागें राहिला.

उपाय इतका साधा कीं ऐकून हंसूं यावें. चाकांच्या खटक्याच्या टोंकाला एक लहानसें रबरी चाक बसविलें, आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा चपटा तुकडा. आतां डोळे कोठेंही असोत, बोटांना कळूं लागलें कीं आपण काय धरलें आहे. या बदलानंतर त्या जातीचे अपघात बंद पडले. आजही अमेरिकेच्या विमानविषयक नियमांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची व झडपांच्या दांड्याची मूठ पंखाच्या आकाराची असावी असें सांगितलेलें आहे, आणि मोठ्या प्रवासी विमानाच्या चालककक्षांत डोकावणाऱ्यास तें चिमुकलें चाक हमखास दिसतें.

येथें एक बारकावा ध्यानांत घेतला पाहिजे. त्या सहवैमानिकाचा हेतु चुकला नव्हता. झडपा वर घ्यावयाच्या आहेत हें त्याला ठाऊक होतें, वेळही बरोबर होती. चुकला तो केवळ हात. ज्यानें पूर्वीं दुसऱ्या रचनेच्या विमानावर शेंकडो तास काढले आहेत, त्याचा हात तर अशा वेळीं जुन्या वाटेनें जावयाचाच. सवय ज्याला आपण म्हणतों आणि ज्याची शिकवणींत एवढी वाखाणणी होते, तीच येथें वैऱ्याचें काम करते. तेव्हां अशा माणसाला "अधिक लक्ष दे" म्हणून बजावणें म्हणजे नेहमीची चावी दुसऱ्या खिशांत ठेवलेल्याला "नीट चांचप" असें सांगण्यापैकीं आहे.

हें सारें उतरून झाल्यावर, संकट टळल्यावर कां घडावें, याच्यावर ब्रिटनमधील केंब्रिज येथें केनेथ क्रेक व त्याच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या प्रयोगांनीं चांगला प्रकाश पडतो. त्यांनीं स्पिटफायर विमानाचा चालककक्ष जमिनीवरच उभा केला व थकेपर्यंत वैमानिकांना त्यांत बसविलें. थकलेल्या माणसाचे हात कांपतात असें सामान्य लोक समजतात. प्रत्यक्षांत निराळेंच दिसलें. त्याचें अवधान आकुंचित होई. समोरची दोन यंत्रें तो पाही आणि बाजूचीं, पेट्रोल दाखविणारें यंत्र धरून, विसरून जाई. आपलें काम उत्तम चाललें आहे अशी मात्र त्याची खात्री असे. आणि उड्डाण संपत आलें, घर दिसूं लागलें, म्हणजे चुका एकदम वाढत. क्रेकच्या हातून आणखी पुष्कळ झालें असतें; पण युरोपांतील युद्ध संपण्याच्या ऐन आदल्या दिवशीं, ७ मे १९४५ रोजीं, केंब्रिजच्या रस्त्यांत सायकलच्या अपघातानें तो वारला. त्याचें वय अवघें एकतीस होतें.

युद्ध संपल्यावर राइट फील्डच्या प्रयोगशाळेंतील मानसशास्त्र शाखेची सूत्रें पॉल फिट्स याच्याकडे होतीं. एका खटक्याच्या जोडीवरून जें दिसलें तें साऱ्या चालककक्षाला लागू आहे कीं काय, हें फिट्स व त्याचा सहकारी जोन्स यांना पाहावयाचें होतें. अपघातांच्या दप्तरांत त्याचें उत्तर नव्हतें. तेथें "वैमानिकाची चूक" एवढेंच लिहिलेलें. म्हणून त्यांनीं वैमानिकांनाच विचारावयाचें ठरविलें. विचारण्याची रीत मोठी मार्मिक होती. चालककक्षांतील एखादें साधन चालवितांना तुमच्या हातून, अथवा तुमच्या देखत दुसऱ्याच्या हातून झालेली एखादी चूक सविस्तर सांगा, अशा अर्थाचा तो प्रश्न होता. "दुसऱ्याच्या हातून" हे शब्द ज्यानें त्यांत घातले त्याला मनुष्यस्वभाव कळत होता असेंच म्हणावें लागेल. आपली फजिती मित्राच्या नांवावर घालून सांगण्याची मुभा मिळाली, कीं पुष्कळ खरें बाहेर येतें. शिवाय तुमचें मत काय, तुम्हांला काय हवें, असें त्यांनीं विचारिलें नाहीं. काय घडलें तें विचारिलें. मत विचारलें तर माणूस विचार करून उत्तर देतो, आणि विचार करून दिलेलें उत्तर बहुधा आपली बाजू सांवरणारें असतें.

अशा ४६० हकीकती १९४७ च्या अहवालांत वर्गवार लावलेल्या आहेत. त्यांतील निम्म्या चुका एका साधनाऐवजीं दुसरें चालविल्याच्या होत्या, म्हणजे चाकें व झडपा यांच्याच जातकुळीच्या. शेंकडा अठरा साधन योग्य तेवढें न फिरविल्याच्या, तितक्याच विस्मरणाच्या. उलट दिशेला फिरविणें शेंकडा सहा, नकळत धक्का लागणें पांच, आणि हातच न पोंचणें तीन. या शेवटच्या तिघांना तर कोणत्याही अर्थानें वैमानिकाचा दोष म्हणतां येत नाहीं. हात आंखूड असणें हा गुन्हा नव्हे. अहवालाच्या मथळ्यांत "वैमानिकाची चूक" हे शब्द अवतरणचिन्हांत घातलेले आहेत. शास्त्रीय लिखाणांत दोन चिन्हांनीं एवढें बोलल्याचीं उदाहरणें थोडीं असतील.

निम्म्या चुका अदलाबदलीच्या कां, याचेंही उत्तर हातीं लागलें. एंजिन चालविण्याचे तीन दांडे जवळ जवळ असतात: एक शक्ति कमीजास्त करणारा, एक प्रोपेलरचा, एक इंधन व हवा यांच्या मिश्रणाचा. बी-२५ या विमानांत डावीकडून पाहिल्यास शक्ति, प्रोपेलर, मिश्रण असा त्यांचा क्रम होता. सी-४७ मध्यें प्रोपेलर, शक्ति, मिश्रण. सी-८२ मध्यें मिश्रण, शक्ति, प्रोपेलर. एकाच सैन्याचीं विमानें, एकच वैमानिक आज यावर तर उद्यां त्यावर! ज्या गृहिणीचे मीठसाखरेचे डबे दर आठवड्यास कोणी बदलून ठेवतो, तिच्या आमटीला नांवें ठेवण्यांत काय अर्थ? सर्व विमानांत रचना एकसारखी केली तर या चुकांपैकीं पुष्कळ नाहींशा होतील, असा त्या दोघांनीं निष्कर्ष काढला.

त्याच वर्षीं त्यांनीं दुसरा अहवाल केला. त्यांत यंत्रें वाचण्यांतील २७० चुका होत्या, आणि उंचीमापक यंत्राच्या चुका त्यांत ठळकपणें पुढें आलेल्या होत्या. या यंत्राची तबकडी घड्याळासारखी असे व तिजवर तीन कांटे फिरत. सर्वांत लांब कांटा शेंकडों फूट दाखवी, दुसरा हजारों आणि सर्वांत लहान कांटा दहा हजारांचा. आतां दीड हजार फूट उंची व साडेअकरा हजार फूट उंची यांत या तबकडीवर किती अंतर पडतें? दोन्ही वेळीं लांब कांटा पांचावर. दुसरा कांटा दोन्ही वेळीं एक व दोन यांच्या मध्यें. फरक केवळ त्या सर्वांत लहान कांट्याचा. घड्याळांत सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ सारखेच दिसतात; दिवस कीं रात्र हें खिडकींतून कळतें म्हणून घोटाळा होत नाहीं. ढगांत शिरलेल्या विमानाला खिडकीही नसते. वॉल्टर ग्रेदर यानें १९४९ सालीं हें प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केलें. सरावलेले वैमानिकसुद्धां तें यंत्र वाचतांना दर शंभरांत सुमारें बारा वेळां हजार फूट किंवा त्याहून अधिक चुकले, आणि प्रत्येक वाचनास त्यांना सात सेकंद लागले. तीच उंची साध्या आंकड्यांत दाखविली तर दोन सेकंदांच्या आंत वाचली गेली व चुका जवळ जवळ झाल्याच नाहींत.

येथें ही हकीकत सुखाची होऊन संपावयास पाहिजे होती. दोष कळला, त्याचें माप कळलें, उपाय कळला. तरी तें तीन कांट्यांचें यंत्र विमानांतून गेलें नाहीं.

२८ एप्रिल १९५८ रोजीं एक व्हायकाउंट जातीचें विमान स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथें उतूं आणण्याकरितां, प्रवासी घेण्यासाठीं, लंडनहून चाललें होतें. आपण साडेचौदा हजार फुटांवर आहों अशा समजुतीनें वैमानिक विमान खालीं आणीत होता. तें साडेचार हजारांवर होतें. एअर परगण्यांत तें जमिनीवर आदळलें व आंतील पांचही माणसें गेलीं. त्याच वर्षाच्या नाताळच्या आदल्या दिवशीं, २४ डिसेंबरला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत विंकटन गांवापाशीं ब्रिटानिया जातीचें विमान परीक्षा-उड्डाण आटोपून परतत होतें. खालीं धुकें पसरलेलें. आपण साडेअकरा हजारांवर आहों असें समजून चालकांनीं विमान उतरवावयास घेतलें. प्रत्यक्ष उंची होती दीड हजार. बारांपैकीं नऊ माणसें मृत्युमुखीं पडलीं. दोन्ही वेळीं चूक बरोबर दहा हजारांची, म्हणजे त्या लहानग्या कांट्याची. ब्रिटानियाच्या चौकशींत पहिलें कारण म्हणून चालकांनीं उंची नीट पडताळली नाहीं हेंच नमूद झालें. इतक्या महत्त्वाचें यंत्र वाचण्यास लागूं नये इतकें अवधान तें यंत्र मागत होतें, ही गोष्ट त्याच्या मागून, साहाय्यक कारण म्हणून, मान्य झाली. फिट्सच्या अहवालाला तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं.

असें कां व्हावें? यंत्र बदलण्यास पैसा लागतो आणि ठपका ठेवण्यास लागत नाहीं, हें एक कारण उघड आहे. पण तेवढेंच नव्हे. ज्यांनीं त्या तीन कांट्यांवर आयुष्य काढलें त्या जुन्या वैमानिकांना त्यांत अवघड कांहीं दिसत नसे. ज्याला एकदां साधलें त्याला न साधणाऱ्याची अडचण दिसत नाहीं, याचा अनुभव गणित शिकविणाऱ्या कोणालाही आहे. आणि चुकीचा हिशेब करतांना न झालेल्या अपघातांची गणती कोणी करीत नाहीं. शंभरांत बारा वेळां चुकणारा डोळा अकरा वेळां स्वतःच सांवरतो, म्हणून यंत्र निर्दोष ठरतें.

शांततेच्या काळांत या मंडळींची विद्या दुसरीकडे पसरली. चॅपानिसनें दोघां सहकाऱ्यांबरोबर १९४९ सालीं या विषयावरील एक आरंभींचें पाठ्यपुस्तक लिहिलें. फिट्सनें १९५४ सालीं दाखवून दिलें कीं लक्ष्य जितकें दूर व जितकें लहान तितका हाताला तेथें पोंचण्यास वेळ अधिक लागतो, आणि हें नातें गणितानें मांडतां येतें. पडद्यावरील बटणांचा आकार ठरवितांना तोच नियम आज वापरतात. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाला टेलिफोनची सुमारें तीन फुटांची दोरी आंखूड करतां येईल कीं नाहीं हें पाहावयाचें होतें. लोकांना विचारावें तर कोण होय म्हणणार? त्याच्या माणसांनीं सहकाऱ्यांच्या खोल्यांत गुपचूप जाऊन दर तीन दिवसांनीं दोरी एक एक इंच कापली. ती पुरी एक फूट तोकडी होईपर्यंत कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं.

पण या साऱ्यांत घरच्या माणसांना जवळचा वाटेल असा प्रयोग चॅपानिसचाच, १९५९ सालचा आहे. विषय होता स्वयंपाकाची शेगडी. चार बर्नर, आणि पुढें ओळीनें चार बटणें. कोणतें बटण कोणत्या बर्नरचें? बर्नर चौकोनांत मांडले असतील तर बटणांचा क्रम कसाही लावा, माणसें चुकलींच. मागील दोन बर्नर पुढील दोहोंपासून किंचित् बाजूला सरकवून मांडले, म्हणजे प्रत्येक बर्नर आपल्या बटणाच्या रेषेंत आला, तेव्हां १२०० वेळां करून पाहिलें तरी एकही चूक झाली नाहीं.

या गोष्टीलाही आतां साठांहून अधिक वर्षें लोटलीं. बाजारांतील चार बर्नरच्या पुष्कळ शेगड्यांचे बर्नर अजून चौकोनांतच असतात व बटणें एका ओळींत. कोणतें कोणाचें हें सांगणारी चार ठिपक्यांची एक बारीक खूण बटणाशेजारीं छापलेली असते, आणि रोज पुसण्यानें ती पहिल्या एकदोन वर्षांतच निघून जाते.